निळ्या दारातली मैत्रीण

शिंपीण म्हणजे एक एवढंसं पाखरू. पानाला पान शिवतं आणि त्यात राहतं.

अशी एक शिंपीण होती. कुमुदआत्याच्या अंगणात राहायची. अंगणात आत्याची निळी मोटार होती. शिंपीण रोज सकाळी मोटारीच्या दारापाशी यायची. टुणुक टुणुक. दारात तिला एक मैत्रीण दिसायची. तिच्याएवढीच. तिच्यासारखीच. हिने मान हलवली, की तीही हलवायची.

एके दिवशी मैत्रीण दिसेना. दारावर धूळ. दारावर चिखलाचे ठिपके. शिंपिणीने चोच वाजवली. टक टक. कोणी आलं नाही. तिला फार एकटं वाटलं.

ती म्हणाली, "दारा दारा, माझी मैत्रीण दे."

दार म्हणालं, "कशी देऊ? माझी चमक गेली. मेण लागलं, तर देईन."

शिंपीण गेली मेणाकडे. टुणुक टुणुक. मेण बसलं होतं डबीत.

"मेणा मेणा, दाराला लाग.
दार चमकेना. मैत्रीण दिसेना."

मेण म्हणालं, "मी नाही लागणार. बोटाने लावलं, तर गोळे होतात. स्पंज फिरला, तर लागेन."

शिंपीण गेली स्पंजाकडे. टुणुक टुणुक. स्पंज बसला होता फळीवर. गोल गोल, पिवळा पिवळा.

"स्पंजा स्पंजा, दारावर फिर.
मेण लागेना. दार चमकेना. मैत्रीण दिसेना."

स्पंज म्हणाला, "मी नाही फिरणार. धुळीवर फिरलो, तर ओरखडे पडतात. आत्याने मोटार धुतली, तर फिरेन."

शिंपीण गेली आत्याकडे. टुणुक टुणुक. आत्या पायरीवर शेंगा सोलत होती.

"आत्या आत्या, मोटार धू.
स्पंज फिरेना. मेण लागेना. दार चमकेना. मैत्रीण दिसेना."

आत्या म्हणाली, "मी नाही गं धुणार. लगेच पुसलं नाही, तर पाण्याचे डाग बसतात. मऊ फडकं आलं, तर धुईन."

शिंपीण गेली फडक्याकडे. टुणुक टुणुक. फडकं होतं टोपलीत. मऊ मऊ, लुसलुशीत.

"फडक्या फडक्या, पुसायला ये.
आत्या धुईना. स्पंज फिरेना. मेण लागेना. दार चमकेना. मैत्रीण दिसेना."

फडकं म्हणालं, "मी नाही येणार. माझ्यावर मांजरीचं पिल्लू झोपलंय. पिल्लू उठलं, तर येईन."

शिंपीण टोपलीच्या काठावर बसली. जरा लांबच.

"पिल्ला पिल्ला, बाजूला हो.
फडकं येईना. आत्या धुईना. स्पंज फिरेना. मेण लागेना. दार चमकेना. मैत्रीण दिसेना."

पिल्लाने एक डोळा उघडला. "मी नाही उठणार. पण इथे नखं घासता येत नाहीत. खरखरीत गोणपाट आलं, तर उठेन."

शिंपीण गेली गोणपाटाकडे. टुणुक टुणुक. गोणपाट होतं दोरीवर.

"गोणपाटा गोणपाटा, खाली ये.
पिल्लू उठेना. फडकं येईना. आत्या धुईना. स्पंज फिरेना. मेण लागेना. दार चमकेना. मैत्रीण दिसेना."

गोणपाट ‘नाही’ म्हणालं नाही. ते म्हणालं, "इतक्यांना कशाला विचारत बसलीस? मीच दार घासून देईन. आत्ताच्या आत्ता."

शिंपिणीला वाटलं, बरंच झालं. मैत्रीण लगेच दिसेल. तिने गोणपाटाला गाल लावला. टोच टोच. गालाला टोचलं.

"नको," ती म्हणाली. "मैत्रिणीचं तोंड ओरबाडशील."

गोणपाट दोरीवर हेलकावलं. मग हळूच म्हणालं, "मग मी कोणाच्या कामाचं?"

"पिल्लाच्या," शिंपीण म्हणाली. "त्याला तूच हवं आहेस."

गोणपाट दोरीवरून खाली सरकलं. धप्प.

पिल्लू टुणकन उठलं. गोणपाटावर नखं घासू लागलं. खर्र खर्र.
फडकं आलं. आत्याने ते झटकलं. फट फट.
आत्याने मोटार सावलीत घेतली. धुतली. खळ खळ. लगेच पुसली.
स्पंज फिरला. गोल गोल, गोल गोल.
मेण लागलं. पांढरं पांढरं, पातळ पातळ. मग आत्या थांबली. शिंपीणही थांबली. मेण सुकलं. आत्याने फडक्याच्या कोरड्या बाजूने पुसलं. सुर्र सुर्र.

दार चमकलं.

शिंपीण गेली दारापाशी. टुणुक टुणुक.

दारात मैत्रीण उभी होती.

हिने मान वाकडी केली. तिनेही केली. हिने पंख फुलवले. तिनेही फुलवले. हिने चोच पुढे केली. तिनेही केली. टक.

मग शिंपीण कुठेच गेली नाही. तिथेच बसली.

आता गोष्टही तिथेच बसली.