शिंगं लावलेला टोप

फार पूर्वी, चंद्रावर अजून डाग पडायचे होते तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक सोंगाड्या राहत होता. तो माकडाचं सोंग घेऊन निघाला की खरी माकडं लाजून झाडावरून उतरत म्हणे. यातलं निम्मं खोटं धरा, तरी उरलेलं पुष्कळ झालं.

त्याचं नावाजलेलं सोंग मात्र शिलेदाराचं. गावातला एक तरणा शिलेदार लढाईत पडला होता. तो परतला नाही, त्याचा लोखंडी टोपही नाही. त्याच्या आंधळ्या आईने सांगितलं तसा सोंगाड्याने कागदाच्या लगद्याचा हुबेहूब टोप घडवला. वर बेगड चढवली, डाव्या कानावर होता तसा पोचाही पाडला. दर जत्रेला तो टोप घालून सोंगाड्या आधी म्हातारीच्या दारी जाई. पोचा चाचपून ती म्हणे, "आलास होय रे वाघा? किती वाळलास!" मग ओवाळी, आणि वर्षभराचं साठलेलं बोलून घेई.

एका साली शेजारगावच्या जत्रेत शिंगांच्या राक्षसाचं सोंग आलं. सगळे तिकडेच पळाले. पाटील चिडला.

"बुवा, तुमचा शिलेदार बघून आता बैलसुद्धा जांभया देतात. औंदा राक्षस काढा!"

टाळ्यांची भूक वाईट. जत्रा तोंडावर आलेली, नवा लगदा वाळायला सवड नाही. सोंगाड्याने शिलेदाराचाच टोप मांडीवर घेतला.

"अहो, तो नका कापू," बायको म्हणाली. "म्हातारी वाट बघत असेल."

"तिला कुठं दिसतंय? जत्रा झाली की शिंगं काढून टाकीन. टोप माझा, हात माझे!"

"डोळे नाहीत तिला. बोटं आहेत ना?"

पण सुरी चालली. बेगडीवर काजळी चढली. डावं शिंग बसलं ते नेमकं पोच्यावर.

राक्षस निघाला तशी पोरं किंचाळली, बाप्यांनी शिट्ट्या घातल्या. सोंगाड्या हवेत तरंगत होता. मिरवणूक म्हातारीच्या दारी आली तेव्हा ती तबक घेऊन उभीच होती. "आलास होय रे वाघा?" तिने हात वर केले. बोटांना शिंग लागलं. ती पोचा शोधत राहिली.

खरं सांगायची वेळ हीच होती. पण सोंगाड्याने शिलेदाराचा आवाज काढला, "आई, मीच गं."

म्हातारीचे हात खाली आले.

"तू कोण ते मला ठाऊक नव्हतं होय? लेक गेला, हे आईला कुणी सांगावं लागतं? पण तो पोचा हाताला लागला की घडीभर तो असायचा. जा बाबा, तुझी माणसं खोळंबलीत."

तिने फुंकर घालून निरांजन विझवलं.

सोंगाड्याने तिथल्या तिथे शिंगं उपटली. त्यांच्याबरोबर लगदाही निघाला, पोच्याच्या जागी भोक उरलं. पुढच्या जत्रेला त्याने नवा टोप केला, पोच्यासकट, पहिल्याहून सरस. म्हातारीच्या पायाशी बसून त्याने डोकं पुढे केलं.

"या बुवा, बसा," ती म्हणाली. "गूळपाणी घ्या. उन्हातून आलात."

तिचे हात मांडीवरून हलले नाहीत.

तात्पर्य: ज्या वस्तूवर दुसऱ्याचं दुःख विसावतं, ती आपल्या हातची असली तरी एकट्या आपली नसते.