सोवळ्यातलं बोट

“आणि हात?” स्वामींनी विचारलं.

दामोदरचं खिरीत बुडवलेलं बोट वाटीतच थांबलं. समोर कालिंदीच्या मांडीवर तिची तान्ही मुलगी आ करून बसली होती. आज तिचं उष्टावण. नदीकाठच्या या मठात बाळाला अन्नाचा पहिला घास पट्टशिष्याच्या बोटानं भरवायची रीत होती, आणि पट्टशिष्य दामोदर. ते तो कुणाला विसरू देत नसे.

“हात... म्हणजे?”

“आत्ता परसाकडे जाऊन आलास ना?”

चारचौघांत हा असला प्रश्न! दामोदरचे कान लाल झाले.

“सोवळं खुंटीवर काढून गेलो होतो, महाराज. त्याला काही लागलेलं नाही.”

“सोवळ्याचं नाही विचारलं.”

“हातांवर पाणी घेतलं. मंत्र म्हटला.”

“साबण?”

दामोदर हसला. स्वामींना एवढंही ठाऊक नसावं, असं ते हसू होतं. “साबणात चरबी असते. सोवळ्यात कसा चालेल?”

“बरं, राख?”

“मठात आता गॅस आहे, महाराज. राख कुठली? आणि भरवायचं तर उजव्या हातानं.”

“धुताना डावा चोळलास तो उजव्यानंच ना?”

दामोदर अडखळला. मग आवाज चढवून म्हणाला, “पाणी मंत्राचं होतं. हात शुद्ध आहेत.”

“शुद्ध?”

“अगदी शुद्ध.”

“मग आधी मला भरव.”

स्वामी पुढे झुकले. डोळे मिटले, बोळकं उघडलं. जमलेल्या बायका कौतुकानं बघू लागल्या. गुरूला घास भरवायचं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं?

दामोदरचं बोट वाटीतून निघालं. स्वामींच्या ओठांपाशी आलं...

आणि तिथेच अडलं. खीर सोवळ्यावर ठिबकली.

“भरव ना.”

“महाराज, नको!”

त्यानं हात झटक्यात मागे घेतला आणि पाठीमागे लपवला.

सगळ्यात जास्त हबकला तो दामोदरच. हे शब्द आपल्याच तोंडून निघाले, यावर त्याचा विश्वास बसेना.

कालिंदीनं मुलीला छातीशी ओढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“दोन वर्षांपूर्वी...” ती म्हणाली. “आमच्या बापूचं उष्टावण तुम्हीच केलंत ना?”

बापू तिचा पहिला मुलगा. उष्टावण झालं आणि आठवड्याच्या आत जुलाब लागून तो गेला. देवाची इच्छा, असं तेव्हा दामोदरनंच तिला समजावलं होतं.

“तुम्हीच ना?” तिनं पुन्हा विचारलं.

कालिंदीकडे बघण्याची दामोदरची हिंमतच झाली नाही. तो स्वामींकडे वळला.

“महाराज... तुमच्या तोंडात मी ते कसं...”

स्वामींनी डोळे उघडले.

“माझं सगळं जगून झालंय रे. मला कशाला वाचवलंस?”