नदीकाठचं बीळ

सातबारा अजून कुणी लिहीत नव्हतं, तेव्हाची गोष्ट. सशीण गाभण होती, म्हणून ससा तिच्यासोबत नवं बीळ बघायला नदीकाठी गेला. माती मऊ होती, दारातच हिरवं गवत होतं.

बीळ विकणारी घूस म्हणाली, "आजच ठरवा. उद्या मुंगूस बघायला येतोय."

ससा हो म्हणणार, तेवढ्यात सशिणीने शेजारच्या खेकड्याला विचारलं, "भाऊ, पावसाळ्यात इथे कसं असतं?"

"झकास!" खेकडा म्हणाला. "चार महिने घरात छतापर्यंत पाणी!"

घूस दुसरीकडे बघू लागली.

त्यांनी टेकडीवरचं खडकाळ बीळ घेतलं. गवतासाठी रोज लांब उतरावं लागे आणि ससा रोज कुरकुरे. आषाढात पिल्लं झाली, त्याच आठवड्यात नदीला पूर आला. त्या आठवड्यात ससा एकदाही कुरकुरला नाही.