कोठीतून आलेलं आमीन

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, शपथेवर सांगतो. ज्याच्यावर गुदरली त्यानेच मला सांगितली. म्हणजे तो मला कधी भेटला नाही, पण भेटला असता तर त्याने अशीच सांगितली असती. तेव्हा विश्वास ठेवा. फार घट्ट ठेवू नका एवढंच.

एकदा एका खाडीकाठच्या गावात कुराणपठण शिकवणारे एक वृद्ध उस्ताद आणि त्यांचा इद्रीस नावाचा शिष्य राहत होते. इद्रीसचा कंठ असा, की तो पठण करू लागला की ओट्यावरची माणसं विड्या विझवत. हे त्याला ठाऊक होतं. त्याला ते ठाऊक आहे, हे उस्तादांनाही ठाऊक होतं.

इद्रीसला लहानाचं मोठं केलं ते त्याच्या आत्याने, खैरून फुफीने. गावात कुणाला ताप आला, कुणाचा पाय मुरगळला, की फुफी चपला सरकवून निघायची. दुखऱ्या जागी उजवा हात ठेवायची आणि म्हणायची, "हे माणसांच्या पालनकर्त्या, ही पीडा दूर कर. बरं करणारा तूच. अशी शिफा दे, जी मागे कोणताही आजार ठेवणार नाही." मग त्या घरचा चहा पिऊन, साखर कमी असेल तर तसं सांगून परत यायची.

त्या फुफीने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडतंय. पण बाईंनी खाणं सोडलं, बोलणं सोडलं. त्यावर माझ्याकडे गोळी नाही. असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत."

इद्रीस पठणाला बसला. दिवसातून तीनदा, खणखणीत आवाजात. बातमी पसरली. त्याने दुआ म्हणून फुंकर घातलेलं पाणी मिळावं म्हणून लोक बाटल्या आणून झाकणं उघडी ठेवून खाटेभोवती मांडू लागले. शेजारची रुकय्याबी दोन बाटल्या घेऊन आली.

"दुसरी कुणासाठी?" कुणीतरी विचारलं.

"म्हशीसाठी. पान्हा सोडत नाही."

"म्हशीला अरबी कळतं का गं?"

"तुला तरी कुठं कळतं? आमीन म्हणतोसच ना?"

या गर्दीत कधीतरी कुणीतरी फुफीची खाट वळवली. तिचं तोंड काब्याच्या दिशेला केलं, जसं शेवटच्या घटकेला करतात. इद्रीसने ते पाहिलं आणि पुढचं पठण सुरू केलं.

नवव्या दिवशी भर दुपारी माणसं जेवायला गेली होती. इद्रीसने एकट्यानेच दुआ संपवली. आमीन म्हणायला कुणीच नव्हतं. इतक्यात बाजूच्या बंद कोठीतून आवाज आला, "आमीन."

त्याने कडी काढली. तांदळाचा डबा, गुंडाळलेल्या गाद्या, आणि दाराच्या आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळ्याचं अखंड जाळं. त्या जाळ्याला आतल्या बाजूने कुणाचा तरी श्वास लागत असल्यासारखं ते मंद हलत होतं. वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी रुकय्याबीनेही ऐकलं. ती अशी निघाली, की म्हशीची बाटली तिथेच राहिली. तिसऱ्या दिवशी आवाज दुआ संपण्याची वाट पाहीना. तो आपला आपण मागू लागला. "रुकय्याच्या गुडघ्याला आराम दे. इद्रीस दोन दिवस धड जेवला नाही, त्याला सांभाळ." तो आवाज फुफीचा होता. आणि फुफी समोर खाटेवर होती, ओठ घट्ट मिटलेले, डोळे उघडे.

इद्रीस उस्तादांकडे धावत गेला. "हुजूर, घरात काहीतरी शिरलंय. लोक म्हणतात लोबान जाळून हाकलू या."

उस्तादांनी काठी शोधली. "शिरलंय," ते म्हणाले, "की बाहेर पडलंय?"

घरी आल्यावर त्यांनी कोठीकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. बाटल्या ओसरीवर नेऊन ठेवायला लावल्या, खाट पुन्हा पहिल्यासारखी बाहेरच्या दाराकडे वळवून घेतली. मग खाली बसले, फुफीच्या हाताशी खांदा आणला आणि म्हणाले, "आपा, चार महिने हा खांदा झोपू देत नाही. माझ्यासाठी दुआ करा."

इद्रीसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारातून रुकय्याबी पुटपुटली, "द्यायला आलेत की घ्यायला?"

कोठीत कुजबुज सुरू झाली. वाढत गेली, अगदी दारापर्यंत आली, आणि मध्येच तुटली. चादर हलली. फुफीचा उजवा हात सरकत सरकत उस्तादांच्या खांद्यावर पोहोचला. तिचे ओठ सुटले. "हे माणसांच्या पालनकर्त्या..." प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता. तो वेळ सगळ्यांनी दिला. शेवटी आमीन म्हटलं ते उस्तादांनी, आणि त्यांच्या मागून, अगदी हलक्या आवाजात, इद्रीसने. कोठी गप्प होती.

"इद्रीस," फुफी म्हणाली, "उस्तादांना चहा टाक. साखर घाल नीट."

उस्तादांना घरी पोचवायला जाताना इद्रीस म्हणाला, "हुजूर, मी इतके दिवस पठण केलं. माझं काय चुकलं?"

"पठण निर्दोष होतं," उस्ताद म्हणाले. "आजाऱ्याला भेटायला गेलं, की आपल्यासाठी त्याच्याकडे दुआ मागावी, ही जुनी रीत. तू मला ती पाठ म्हणून दाखवली आहेस. तुम्ही सगळे तिच्यासाठी मागत राहिलात. तिला मागायला जागा ठेवली नाहीत. जन्मभर दुसऱ्यांसाठी मागणारी बाई. खाटेवर तिच्या आवाजाला काम उरलं नाही, तेव्हा जिथे कुणी नव्हतं तिथे तो जाऊन बसला असेल."

"म्हणजे कोठीत फुफीच होती?"

"मला काय माहीत? मी पाहिलं कुठे?"

आठवड्याभरात फुफी उठली, चपला सरकवून रुकय्याबीच्या गुडघ्यावर हात ठेवायला गेली, आणि गाव चकित झालं.

आता यात बनवलेलं काय, ते कबूल करायला हवं. तुम्हाला वाटेल, कोठीतला आवाज. नाही, तो माझ्याकडे आला तसाच तुम्हाला दिला. मी बनवलं ते फुफीचं उठणं. ती उठली नाही. त्यानंतर बावीस दिवस जगली, आणि रोज कुणी ना कुणी खाटेपाशी बसून तिला आपलं दुखणं सांगत होतं. शेवटच्या दुपारी इद्रीस बसला होता. मला काहीच दुखत नाही, असं तो म्हणाला. फुफीने तरीही हात उचलला आणि त्याच्या छातीवर ठेवला.