पाटलेचे मुंगूस आणि यक्षाची रुई

फार पूर्वी, गोदेच्या काठी शमीनगरात अरिंदम राजाचे राज्य असताना, बोधिसत्त्व एका पशुवैद्याच्या घरी जन्मले आणि बापामागे नगरातल्या गाईबैलांची, घोड्याकुत्र्यांची दुखणी बघू लागले.

त्याच नगरात माळ्यांच्या आळीत पाटला नावाची तरुण माळीण राहत असे. तिने एक मुंगूस पाळले होते. त्याचे नाव पिंगळ्या. फुलांच्या टोपलीत कधी साप निघेल याचा नेम नसतो, म्हणून माळी मुंगूस ठेवतातच. पण पिंगळ्या कामापुरता नव्हता. डोळेही न उघडलेले ते पिल्लू पाटलेने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवले होते. टोपल्या आल्या की तो प्रत्येकीत शिरून बघे आणि मग बक्षीस घ्यायला तिच्याकडे धावत येई. बक्षीस ठरलेले. तिने दोन्ही तळहातांत त्याचे तोंड धरायचे आणि "माझा राजा तो!" असे म्हणायचे.

पण गेल्या चार अमावास्या पिंगळ्याच्या डोळ्यांना दृष्ट लागल्यासारखे झाले होते. संध्याकाळ झाली की ते सुजत, गळत, आणि तो बिचारा भिंतीवर आपटे. पाटला त्याला शेल्यात गुंडाळून बोधिसत्त्वांकडे पळे. ते अंजन घालीत, चार दिवसांत डोळे लख्ख होत, पाटला आळीभर वैद्यराजांचे गुण गात फिरे. पुढची अमावास्या आली की पुन्हा तेच!

अमावास्या हा माळ्यांच्या यक्षाचा दिवस. त्या दिवशी आळीतले प्रत्येक घर त्याला रुईच्या फुलांची माळ वाही. तेव्हा यक्षच या मुंगसावर कोपला आहे, अशी कुजबुज सुरू झाली. माळ्यांचे प्रमुख सोमिल यांनी शेवटी निकाल दिला, "येत्या अमावास्येला याचे डोळे गळले, तर याला नदीपलीकडच्या रानात सोडायचं." माणसाच्या हातचे खाऊन वाढलेला पिंगळ्या अधू डोळ्यांनी रानात दोन दिवसही टिकला नसता. हे सोमिलांना ठाऊक होते आणि पाटलेलाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी ती धापा टाकत बोधिसत्त्वांच्या दारी आली. "वैद्यराज, अंजन आजच घाला! दुप्पट घाला!"

बोधिसत्त्वांनी अंजनाची डबी उचलली आणि परत खाली ठेवली.

"मुली, खरं सांगतो. माझं अंजन आलेलं दुखणं घालवतं. ते येतं कुठून, हे मला चार महिन्यांत कळलेलं नाही. तू दर वेळी माझं कौतुक केलंस आणि मी ते गोड मानून घेतलं. चुकलंच माझं. उद्या दिवसभर तुझ्या अंगणात बसतो."

पाटलेला हसावे की रडावे समजेना. मला कळत नाही, असे वैद्याच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकले होते. तरी घरी जाताना तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एवढा मोठा वैद्य एका मुंगसासाठी दिवसभर बसणार होता!

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व अंगणात टेकतात न टेकतात तोच दारात राजवाड्याची पालखी उभी राहिली. दूत घाईघाईने म्हणाला, "वैद्यराज, चला लवकर! महाराज आज अश्वशाळेचा मुख्य वैद्य नेमताहेत. तुमचंच नाव पुढे आहे."

पाटलेला वाटले, आता हे जाणार. आणि का जाऊ नये? कोण सोडील असा मान?

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराजांच्या घोड्यांना आज काही दुखत नाही. याला मात्र आजचाच दिवस आहे. माझा नमस्कार सांगा."

पालखी आली तशी रिकामी गेली, आणि आळीतल्या बायका आ वासून बघत राहिल्या.

दुपार टळली. पिंगळ्या खाऊनपिऊन, उन्हात लोळून ठणठणीत होता. मग रुईच्या टोपल्या आल्या. रुई खुडल्यापासून माळ वाहीपर्यंत हात पाण्यात घालायचा नाही, असा माळ्यांचा नियम होता. रुईचा चीक डोळ्यांना वाईट, हे त्यांना का ठाऊक नव्हते? पण यक्षाच्या नावाने खुडलेल्या रुईचा चीक म्हणजे यक्षाचे दूध, ते कुणाला बाधत नाही, ही त्यांची पक्की समजूत. सासूची बोटे आखडल्यापासून, म्हणजे चार अमावास्या, पाटलाच घरची माळ करीत होती. तिचे तळहात चिकाने माखले होते.

शेवटची टोपली हुंगून पिंगळ्या शेपटी फुलवून धावत निघाला. पाटलेने कौतुकाने दोन्ही हात पुढे केले.

"थांब! हात मागे घे!"

बोधिसत्त्वांना असे ओरडताना कुणी कधी ऐकले नव्हते. पाटलेने दचकून हात पाठीमागे नेले आणि पिंगळ्या थेट तिच्या मांडीवर आदळला.

"सापडलं!" बोधिसत्त्व आनंदाने उठून उभे राहिले. "कोप नाही, शाप नाही. हा चीक आहे!"

पाटलेने आपले हात बघितले. "म्हणजे मीच? या हातांनी?" तिला रडू फुटले. दर महिन्याला डोळ्यांची आग झाली, तरी तो वेडा पुन्हा याच हातांत तोंड द्यायला धावत आला होता.

गलबला ऐकून सोमिल आले आणि संतापले. "यक्षाच्या दुधाला दोष देता?"

बोधिसत्त्वांनी वाद घातला नाही. पाटलेच्या तळहातावर बोट घासून त्यांनी ते आपल्या डाव्या पापणीवर फिरवले. घटकाभरात तो डोळा लाल झाला, सुजला आणि गळू लागला, अगदी पिंगळ्याच्या डोळ्यासारखा. मग त्यांनी घडाभर पाण्याने तो धुतला. सोमिलांच्याही हातांना चीक होता. ते हात त्यांनी हळूच तोंडापासून दूर धरले.

"पाटले, मुंगूस राहू दे," ते म्हणाले. "आणि सगळ्यांनी ऐका. माळ वाहिल्यावर आधी हात धुवायचे, मगच घरच्यांना जवळ घ्यायचं."

संध्याकाळी दूत पुन्हा बोलवायला आला. बोधिसत्त्वांचा मिटलेला डोळा बघून तो कुत्सितपणे म्हणाला, "स्वतःचा डोळा सांभाळता येईना, आणि हे राजाचे घोडे सांभाळणार!" त्या दिवशी ते पद दुसऱ्याला मिळाले. बोधिसत्त्वांचा डोळा आठ दिवस दुखला.

पण दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच पाटला पिंगळ्याला उराशी धरून आळीतून धावत सुटली. "गळले नाहीत! वैद्यराज, गळले नाहीत!" बोधिसत्त्वांनी आपल्या एका उघड्या डोळ्याने पिंगळ्याचे दोन्ही डोळे निरखले. दोन्ही लख्ख होते. त्या डोळ्यांत बघून ते इतके हसले, की राजाचा मान मिळालेला तो दुसरा वैद्यही त्या दिवशी तेवढा हसला नसेल.

ही पूर्वजन्मीची गोष्ट भिक्खूंना सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची पाटला म्हणजे आजची भिक्खुणी सुधम्मा. सोमिल म्हणजे आपले ज्येष्ठ भिक्खू, थेर उत्तिय. पिंगळ्या म्हणजे सुधम्मेचा धाकटा भाऊ, जो बोलणी खाऊनही तिचा हात सोडत नाही. आणि 'मला कळत नाही' असे म्हणणारा तो पशुवैद्य मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमी, म्हणजे खरेपणाचे व्रत, आचरली."