कर्दळी आणि शिरगणतीचा शाप

एका राज्यात दर पाडव्याला राजा सिंहासनापुढे उभा राहून आपल्या प्रजेचा आकडा उच्चारत असे. टाळून चालत नसे, कारण काळकंठ मांत्रिकाने त्या सिंहासनाला शाप दिला होता. आकडा जितका कमी पडेल, तितकी माणसं दगड होतील. पुढच्या पाडव्यालाही आकडा चुकला, मग तो कमी असो की जास्त, तर त्या दगडांची वाळू होईल. खरा आकडा ओठांवर आला, की शाप सरेल.

गेल्या पाडव्याला आकडा कमी पडला. विहिरीवर, बाजारात, ओसरीवर माणसं जागच्या जागी दगड झाली. कर्दळीची थोरली बहीण शेवंती माहेरी बाळंतपणाला आली होती. ती पाळण्याची दोरी हातात धरून दगड झाली. पाळण्यातली लेक कर्दळीने शेळीच्या दुधावर वाढवली.

पुन्हा पाडवा जवळ आला, तशी कर्दळी भाचीला कडेवर घेऊन दरबारात गेली.

"प्रधानजी, आकडा कुठून आणता?"

म्हातारा प्रधान वीरकेतू म्हणाला, "माझ्या आजोबांनी घरोघर फिरून शिरगणती केली. तिच्यात दरसाल थोडी माणसं वाढवायची. अशी रीत आहे, मुली."

"म्हणजे आजोबांचं शिळं दरसाल फोडणी देऊन वाढता!"

"हिच्या जिभेला हाड नाही."

"म्हणून ती हलते तरी."

राजा अरिंदम म्हणाला, "भांडण पुरे. दुसरी वाट असेल तर सांग."

"शिरगणती खरी धरू, महाराज. त्यानंतर कोण जन्मलं, कोण मेलं, कोण आलं, कोण गेलं, हे रोज कुणीतरी पाहतंच. त्यांना विचारते."

"पाखरांना विचारणार?" प्रधान हसला.

"पाखरांनाच."

त्या राज्यात बाळंतिणीच्या खिडकीत चिमणी बसे, वेशीवर साळुंकी बसे आणि वेशीबाहेर मसणवट्यात घुबड बसे. तिघं पिढ्यान्‌पिढ्या पाहत आली होती. तिघांनाही बोलता येई, पण ती एकमेकांशी बोलत नसत. त्यांना आजवर कुणी काही विचारलंही नव्हतं.

चिमणी म्हणाली, "जन्म सांगितले तर लेकरांना दृष्ट लागेल."

"नाव नको, गाव नको, आईबाप नकोत. फक्त किती, ते सांग."

चिमणीने सांगितलं.

साळुंकी आधी कोणी कोणतं लुगडं नेसून वेस ओलांडली तेच सांगत बसली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे तिने किती माणसं वस्तीला आली आणि किती कायमची गेली, ते सांगितलं. कर्दळीने दात आवळून सगळं ऐकून घेतलं.

मग ती घुबडाकडे निघाली. वेस ओलांडताच साळुंकी ओरडली, "एक बाहेर!"

कर्दळी थबकली. "एक? अगं, दोन!"

"कडेवरचं मी मोजत नाही. पायाने चालेल ते माणूस. वेशीचा नियमच आहे तो."

कर्दळीने मनात हिशेब मांडला. परराज्यात दिलेल्या लेकी बाळंतपणाला माहेरी येतात. बाळ इथे जन्मतं, चिमणी मोजते. आई त्याला कडेवर घेऊन सासरी जाते, साळुंकी मोजत नाही. गेलेलं बाळ हिशेबात इथेच उरतं. आणि इथल्या सुना माहेराहून जी बाळं घेऊन येतात, ती कुणाच्याच हिशेबात नसतात.

"कडेवरचीही आठवतात का गं तुला?"

"सगळी आठवतात. झबली कशी होती तेही सांगू?"

"झबली राहू दे, बाई! आली किती आणि गेली किती, ते सांग."

ती चूक मनात दुरुस्त करून ती मसणवट्यात पोचली. घुबड म्हणालं, "मेलेले सांगतो. पण दगड झालेले त्यांत धरू का? गाव त्यांना केव्हाच रडून मोकळं झालंय."

 कडेवरची मुलगी कर्दळीचे केस ओढत होती.

"धरू नकोस," ती म्हणाली. "श्वास अडकलाय त्यांचा. संपलेला नाही."

पाडव्याला तिने राजाला आकडा सांगितला. प्रधान म्हणाला, "तान्ह्या पोरांची बेरीज-वजाबाकी करून राज्य वाचतं का कुठे?"

राजाने विचारलं, "आणि हा चुकला तर?"

"तुमचा आकडा चुकेल, महाराज. माझ्या बहिणीची वाळू होईल."

राजा उठला आणि त्याने तोच आकडा उच्चारला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग विहिरीत घागर बुडाल्याचा आवाज आला. बाजारात कुणीतरी वर्षापूर्वी अर्धवट राहिलेली घासाघीस पुढे सुरू केली. राजाने तिथेच आज्ञा दिली, की शाप सरला तरी दरसाल तिन्ही पाखरांना विचारावं, एकाचं सांगणं दुसऱ्याशी ताडून पाहावं आणि नाव कुणाचंही विचारू नये. प्रधानाने मान खाली घालून ती लिहून घेतली. कर्दळी ऐकायला थांबलीच नव्हती.

घरी शेवंती रिकामा पाळणा हलवत होती. "कर्दळे, माझी लेक कुठाय?"

कर्दळीने कडेवरची मुलगी पुढे केली.

"ही कुणाची? माझी तर एवढीशी आहे."

"एवढीशी होती, ताई. आता हिला चार दात आलेत."

शेवंतीने हात पसरले. मुलगी मावशीच्या खांद्याला घट्ट बिलगली. बराच वेळ तिने या नव्या बाईकडे निरखून पाहिलं. मग तिच्या गळ्यातले काळे मणी ओढायला ती पुढे झुकली आणि कर्दळीने आपले हात सैल केले.