बंद रांजणातलं तेल

सागाच्या दाट रानाला लागून एक गाव होतं. तिथे हैबती आणि सटवा हे दोघे भाऊ राहत. राजाच्या महालांसाठी रानातले सरळ बुंधे तोडून नेले जात आणि फांद्या, साली, भुसा मागे कुजत पडे. हैबती मोठा डोकेबाज. या टाकाऊ लाकडातून तेल काढायची युक्ती त्याने शोधून काढली.

लोखंडी रांजणात फांद्या ठासून भरायच्या, तोंडावर झाकण ठेवून ते चिखलाने लिंपायचं आणि खालून जाळ लावायचा. रांजणातून निघालेली नळी थंड पाण्यातून नेलेली असे. आतला धूर तिच्यात निवे आणि काळं तेल होऊन घड्यात ठिबके. ते लावलं की घराच्या खांबांना वाळवी लागत नसे. तापलेल्या लाकडाला वारा मिळाला तर ते पेटतं, नाही मिळाला तर तेल देतं. म्हणून रांजण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे हैबतीनेच सटवाला शिकवलं होतं. कष्टाचं काम सगळं सटवाकडे. बिचारा भावाचा शब्द कधी खाली पडू देत नसे.

तेलाचा बोलबाला झाला. एके दिवशी खुद्द राजा पाहायला आला. रांजण तेव्हा तापून लाल झाला होता.

"आत काय चाललंय, ते बघू दे," राजा म्हणाला.

राजा बोले, दळ हाले. हैबतीला वाटलं, दरबारात मान मिळायची वेळ आली, आणि नेमकं आताच नाही म्हणायचं? त्याने हात जोडले. "जशी आज्ञा, महाराज."

मग तो मागे सरला, राजालाही अदबीने लांब उभं केलं आणि भावाला हाक मारली. "सटवा, झाकण काढ."

सटवा गोंधळला. "दादा, रांजण अजून निवला न्हाई."

"मी सांगतुया न्हवं? काढ!"

दादाच सांगतोय म्हटल्यावर सटवाने पहार घालून झाकण उचकटलं. वारा आत शिरला आणि आगीचा लोळ त्याच्या अंगावर आला. लोकांनी पाणी ओतलं, घोंगडी टाकली, पण सटवा वाचला नाही.

राजा सुन्न झाला. "असं होणार, हे तुला ठाऊक होतं?"

हैबतीने मान खाली घातली. "व्हय, महाराज."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमास्नी राग येईल, असं वाटलं."

"राग कसला रे?" राजा म्हणाला. "मी उद्या आलो असतो."

तात्पर्य: धोका ज्याला ठाऊक असतो, त्याने मोठ्यांपुढेही तोंड उघडलंच पाहिजे. तो गप्प बसला, तर जीव जातो तो त्याच्या भरवशावर राहणाऱ्याचा.